पत्ता आपला अर्धा, शिव्या मात्र पोस्टमनला पुऱ्या

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी एका पाकिटाचा फोटो टाकला. मेंटेनन्सच्या थकबाकीची नोटीस, स्पीड पोस्टाने पाठवलेली, परत आलेली. वर लाल पेनाने शेरा: 'अपुरा पत्ता'. खाली सेक्रेटरी लिहितात, "गाव इथून दहा मिनिटांवर. पोस्टमन झोपा काढतात का?" त्यावर धडाधड अंगठे.

फोटो मोठा करून पत्ता कोणी वाचला का? 'एस. डी. पाटील, एकवीरा निवास, शाळेजवळ, घणसोली गाव, नवी मुंबई.' बस्स. घर नंबर नाही, मजला नाही, मोबाईल नाही. पिनकोड तेवढा आहे, पण 400709. तो कोपरखैरण्याचा. घणसोलीचा 400701, ऐरोलीचा 400708. शेवटचे तीन आकडे कोणत्या पोस्टातून वाटप होणार ते ठरवतात. ते चुकले की पाकीट आधी भलत्याच ऑफिसात उतरतं, तिथून 'मिससेंट' म्हणजे चुकून आलेलं म्हणून वळतं, आणि एक-दोन दिवस तिथेच जातात. ही सहा आकड्यांची पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली, बसवली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी माणसाने. पन्नास वर्षं उलटली तरी आपल्याला शेजारच्या नोडचा, म्हणजे नवी मुंबईतल्या शेजारच्या उपनगराचा, पिन पाठ नाही.

बरं, पिन बरोबर असता तरी काय झालं असतं? आगरी-कोळ्यांच्या गावात 'एकवीरा निवास' शोधायला सांगणं म्हणजे पंढरपुरात विठ्ठल नावाचा माणूस शोधायला सांगणं. पाटील, म्हात्रे, भोईर, मढवी, ठाकूर एवढ्या आडनावांत अर्धं गाव संपतं. एस. डी. म्हणजे सुरेश दामोदर, संतोष दत्तात्रेय की सुनंदा दिलीप? गावठाणात रस्त्यांना नावं नाहीत, आळ्या आहेत. प्लॉट नंबर सिडकोच्या सेक्टरांत, गावात नाही. बिल्डिंगा चार-पाच मजली, लिफ्ट नाही, दारावर पाटी नाही, तळाला पत्रपेटी नाही, आणि भाडेकरू दर अकरा महिन्यांनी नवा.

अशा गावात पत्ता पाकिटावर नसतो हो, पोस्टमनच्या डोक्यात असतो! पंधरा-वीस वर्षं एकच बीट, म्हणजे वाटपाचा ठरलेला भाग, केलेला माणूस नावाने नाही, घराने ओळखतो. कुठल्या पाटलांचा थोरला वाशीला राहायला गेला आणि धाकट्याच्या घरी त्याची टपाल ठेवली तर चालते का, हे त्याला माहीत असतं. भावाभावांत कोर्टकचेरी चालू असेल तर चालत नाही, हेही माहीत असतं. असा माणूस रिटायर होतो, बीट नव्याकडे जातं, किंवा शेजारच्या बीटवाल्याला जोडून दिलं जातं. नव्याच्या हातात आपलं हे पाकीट. त्याने करायचं काय?

काम कसं चालतं तेही बघा. सकाळी बॅगा उघडतात, स्कॅन होतं, टपाल बीटवार पडते. मग प्रत्येकजण आपला गठ्ठा चालायच्या क्रमाने लावतो. आधी कोणती आळी, मग कोणती गल्ली, कोणत्या बिल्डिंगीत वरून खाली यायचं. हे लावण्यातच तास जातो आणि खरं कौशल्य तिथेच आहे, कारण एक पाकीट मागेपुढे झालं की तोच जिना पुन्हा चढायचा. स्पीड पोस्टाचं प्रत्येक पाकीट त्याच्या नावावर चढलेलं असतं. संध्याकाळच्या आत प्रत्येकाचा हिशेब द्यायचा: सही, नाहीतर शेरा. दार बंद असेल तर सूचना ठेवून पाकीट पोस्टात सात दिवस थांबतं, मग परत. 'घेण्यास नकार' हा शेरा तर कोर्टात नोटीस पोचल्यासारखाच धरतात, म्हणून तो कोणी गंमत म्हणून लिहीत नाही. आमच्या पाकिटावर 'अपुरा पत्ता' लिहिलंय, कारण पत्ता अपुरा आहे. एवढं सरळ आहे.

हो, मान्य. जिना न चढता खालूनच 'दार बंद' लिहिणारेही आहेत. त्यांची तक्रार जरूर करा. ट्रॅकिंगचा तेरा अक्षरी नंबर पावतीवर असतो, त्यात कोणत्या दिवशी काय शेरा मारला ते दिसतं.

पण ग्रुपवर कोणीतरी शहाणपणा केलाच की आता डिजिपिन आलाय, पोस्टमन हवाच कशाला. डिजिपिन म्हणजे टपाल खात्याचा डिजिटल पत्ता, 2025 मध्ये आला, दहा अक्षरांचा, साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. छान आहे. पण त्याला मजला कळत नाही! पाच मजली बिल्डिंगीत एकावर एक असलेल्या पाचही खोल्यांचा डिजिपिन एकच. वर कोणत्या दारात एस. डी. राहतात ते शेवटी माणसालाच विचारावं लागतं.

आणि पोस्टमन फक्त टपाल टाकायला येत नाही. 1 सप्टेंबर 2018 ला इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली, तेव्हापासून बँक त्याच्या पिशवीत आहे. श्रावणबाळ योजनेचे 1500 रुपये खात्यात येतात, पण खातं शेजारच्या नोडमध्ये आणि गुडघे गेलेले. पोस्टमन दारात मशीन धरतो. आयुष्यभर मिठागरात आणि शेतात राबलेल्या आजीचा अंगठा झिजलेला, रेघाच उरलेल्या नाहीत. मशीन नाही म्हणतं. मग तो बोट ओलसर फडक्याने पुसायला सांगतो, कोरडं करतो, अंगठा सोडून अनामिका लावून बघतो, डावा हात बघतो, कारण आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात. तिसऱ्या-चौथ्या बोटाला हिरवा दिवा लागतो. नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखलेही असेच, घरी येऊन, 70 रुपयांत. तेव्हा कोणी फोटो काढून ग्रुपवर टाकत नाही.

शहापूर-मुरबाडकडच्या खेड्यांत तर बोलायलाच नको. तिथला माणूस पोस्टमन नाही, ग्रामीण डाक सेवक. कामाचे तास कागदावर चार किंवा पाच, आणि 1 जुलै 2018 पासून टपाल वाटणाऱ्याची सुरुवातच 10,000 नाहीतर 12,000 रुपयांवर, वर महागाई भत्ता. पाड्यांमधलं अंतर मात्र त्या तासांत मोजलेलं नाही. आणि पूर्ण सरकारी नोकर म्हणवायचीही सोय नाही.

असो. फार चिडून लिहिलं. सेक्रेटरी वाईट माणूस नाही, बिचारा फुकट राबतो.

तर नोटीस पुन्हा पाठवताय ना, पत्ता असा लिहा. पूर्ण नाव, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलावरचा घर नंबर. बिल्डिंगचं नाव, मजला, आळी. 'शाळेजवळ' लिहायचंच असेल तर शाळेचं नाव. पिन 400701. आणि मोबाईल नंबर, ठळक, कारण जिन्याखाली उभं राहून एक फोन लावला की अर्ध्या अडचणी तिथेच सुटतात. पोचल्याची खात्री हवी तर 5 रुपये जास्त देऊन ओटीपीवाली डिलिव्हरी घ्या. तिला तर मोबाईल नंबर लागतोच.

हे सगळं ग्रुपवरही लिहिलं. दुपारी सेक्रेटरींनी नव्या पाकिटाचा फोटो टाकला. पिन बरोबर, 'सुरेश दामोदर' पूर्ण, घर नंबर आहे, मजलाही आहे. मोबाईल नंबरची जागा कोरी. विचारलं तर म्हणे, "त्यांचा नंबर आपल्याकडे नाही. पोस्टमनला असेल की माहीत."