एका खाड्याने मेंदू शून्यावर जात नाही

‘कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस करा, ती आयुष्यभराची सवय होते. हार्वर्डने सिद्ध केलं आहे.’ हा मेसेज तुमच्याही घरच्या ग्रुपवर येऊन गेला असेलच. एक जानेवारीला येतो, पाडव्याला येतो, अधूनमधून एखाद्या सोमवारीही येतो. उगवत्या सूर्याचं चित्र आणि खाली पाच कलमं. मी तो आजवर न वाचताच उडवत आले. यंदा थोरल्या मामांनी तो आईला पाठवला, आणि आईने मनावर घेतला. म्हणून हा खटाटोप.

आधी हार्वर्डचं बघू. २१ चा आकडा हार्वर्डचा नाहीच. तो मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या न्यूयॉर्कमधल्या प्लास्टिक सर्जनचा. १९६० च्या एका पुस्तकात त्यांनी लिहिलं, की चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला साधारण २१ दिवस तरी लागतात. हे त्यांनी आपल्या पेशंटांकडे बघून नोंदवलेलं निरीक्षण. त्यात ना व्यायाम, ना अभ्यास, ना तंबाखू सोडणं. पुढे भाषणं ठोकणाऱ्यांनी त्यातला ‘तरी’ गाळला, नाकाच्या जागी सवय बसवली, आणि झालं शास्त्र तयार.

मग खरे किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. २०१० साली छापलेला हा अभ्यास. ९६ जणांनी एकेक साधी गोष्ट निवडली. कुणी जेवणासोबत फळ, कुणी नाश्त्यानंतर पाणी, कुणी रात्रीच्या जेवणाआधी थोडं पळणं. रोज ठरल्या प्रसंगाला ती करायची आणि ती किती आपोआप झाली ते नोंदवायचं, असे १२ आठवडे. सवय पक्की व्हायला लागलेला मधला आकडा निघाला ६६ दिवस. कुणाचं १८ दिवसांत भागलं, तर कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला (अभ्यास ८४ दिवसांचाच होता, त्यामुळे पुढचे आकडे आलेख लांबवून काढलेले आहेत, हेही सांगून ठेवते). पाणी पिणाऱ्यांचा मधला आकडा ५९, व्यायामवाल्यांचा ९१. म्हणजे ‘कोणतीही गोष्ट’ हे दोन शब्दच पहिल्या फटक्याला बाद.

एवढ्यावर असतं तर मी सोडून दिलं असतं. पण दुसरं कलम वाचा: ‘एक दिवस जरी चुकला तरी मेंदू शून्यावर जातो. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करा.’ हे कुणी लिहिलं असेल त्याला समोर बसवून विचारावंसं वाटतं, की बाबा रे, कुठल्या मेंदूत पाहिलंस?

आईला शुगर आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. घराजवळच कमला नेहरू पार्क. मामांचा मेसेज आल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने आकडे घालायला घेतले. छान चाललं होतं. मग खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल बुडाला आणि एक दिवस तिला बाहेर पडता आलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात तिने लिहिलं, १. नंतर गौरीजेवणाला घरात तीस पानं. पुन्हा १. त्यानंतरच्या चौकोनांत फक्त दुधाचा हिशेब आहे. विचारलं तर म्हणते, ‘माझ्यात तेवढी चिकाटीच नाही गं.’ जिने ३५ वर्षं पाच माणसांचे डबे भरले ती बाई हे म्हणते!

त्याच लॅलींच्या अभ्यासात हाही मुद्दा तपासलाय. एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्याच्या प्रक्रियेत लक्षात घेण्याजोगा फरक पडत नाही. आठवडाच्या आठवडा दांडी मारली तर गोष्ट वेगळी, पण एका दिवसाने मागचं पुसलं जात नाही. त्याच कॅलेंडरवर आई दुधाचे खाडे मांडते. भय्या एक दिवस आला नाही म्हणून तिने कधी रतीब बंद केल्याचं मला आठवत नाही.

तिसरं कलम मामांचं लाडकं. म्हणे २१ दुर्वा, २१ मोदक, आपल्या पूर्वजांना २१ चं मेंदूशास्त्र ठाऊक होतं. मामा, २१ मोदकांनी सवय कशाची लागते ते आपल्याला दोघांनाही माहीत आहे. आणि परंपराच काढायची तर नीट काढा. चातुर्मासाचे नेम चार महिन्यांचे. सोळा सोमवार म्हणजे जवळजवळ चार महिने. २१ संकष्ट्या धरल्या तर दीड वर्षाच्या वर जातं. शिवाय सोयरसुतक आलं तर वाट काढायची सोयही व्रतात असते. आपल्या आज्या या मेसेजपेक्षा बऱ्याच शहाण्या होत्या.

चौथं, पहाटे चारला उठा. हिंजवडीहून रात्री साडेअकराला घरी पोचणाऱ्या माझ्या भावाला हे मामांनी स्वतः सांगावं. पुढे.

पाचवं, ध्येय कागदावर लिहा, कारण ज्या ३ टक्के विद्यार्थ्यांनी लिहिलं ते बाकीच्या सगळ्यांपेक्षा श्रीमंत झाले. ही गोष्ट कधी हार्वर्डच्या नावावर फिरते, कधी येलच्या १९५३ च्या वर्गाच्या. असा अभ्यास झालेलाच नाही, हे येलनेच सांगून टाकलंय.

तरी इथे थोडं मान्य करावं लागतं. लिहिण्याचा उपयोग होतो, पण ‘मी निरोगी होणार’ असं लिहून नव्हे. अमुक झालं की तमुक करीन, असं नेमकं ठरवण्याचा होतो. पीटर गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ साली अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, आणि नुसत्या इच्छेपेक्षा या नेमक्या ठरवण्याने फरक बऱ्यापैकी पडतो असं दिसलं. अडचण आली तर काय करायचं, तेही आधीच ठरवून ठेवता येतं.

तेव्हा आईच्या कॅलेंडरवर आता आकडे नाहीत. फ्रिजवर चिठ्ठी आहे, तिच्याच अक्षरात: ‘सकाळचा चहा झाला, कप विसळला, की बूट. पाऊस असेल तर पार्किंगमध्ये फेऱ्या. पाहुणे असतील तर जेवणानंतर गल्लीच्या टोकापर्यंत.’ पार्किंगवर तिची तक्रार आहे. खालचे जोशीकाका स्कूटर पुसता पुसता प्रत्येक फेरीला काहीतरी विचारतात, आणि थांबावं लागतं.