वीज गेली नाही, तरी दोष आहेच: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. सायडीचा, म्हणजे वीज जाण्याच्या सरासरी वेळेचा, आकडा सुधारत असेल तर छतावरच्या सौर संचांमुळे पुरवठ्याची विश्वासार्हता घसरते हे माझे म्हणणे अतिशयोक्तीचे. आणि एवढीच भीती असेल तर प्रत्येक डीपीवर, म्हणजे वस्तीतल्या रोहित्राच्या जागी, जोडीला दुसरे रोहित्र बसवा.

सायडी म्हणजे वर्षभरात ग्राहकामागे सरासरी किती मिनिटे वीज गेली. 2,000 ग्राहकांच्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवर) 50 घरांचे रोहित्र चार तास बंद पडले, तर हा आकडा जेमतेम 6 मिनिटांनी वाढतो. सरासरीचे हे दुखणे जुनेच. सौर संचांचे दुखणे निराळे आहे. तिथे वीज जातच नाही, त्यामुळे सायडीत त्याची नोंदच होत नाही.

गणित मांडतो. 11 केव्ही रोहित्राची लघुदाब बाजू 433 व्होल्टची, म्हणजे भार नसताना फेज ते न्यूट्रल 250. सौर संचाचा इन्व्हर्टर सुटण्याची, म्हणजे आपोआप लाइनपासून तुटण्याची, मर्यादा बहुधा 230 च्या 110 टक्के, म्हणजे 253. शिल्लक फक्त 3 व्होल्ट! आता वीझल नावाच्या बारीक अ‍ॅल्युमिनियम तारेच्या 300 मीटर लाइनच्या टोकाला, सिंगल फेजवर 5 किलोवॅटचा संच भर दुपारी सगळी वीज परत पाठवतो आहे. प्रवाह 22 अँपिअर, फेज आणि न्यूट्रल मिळून रोध सुमारे 0.55 ओहम, व्होल्टेज 12 ने चढते. इन्व्हर्टर सुटतो, मिनिटभर थांबून जोडला जातो, पुन्हा सुटतो. घरात अंधार होत नाही, हे तुमचे म्हणणे मान्य. पण ज्याच्या छतावर पॅनेल नाही त्या शेजाऱ्याच्या फ्रिजलाही तेच चढे व्होल्टेज मिळते.

दुसरे रोहित्र इथे काय करणार? चढ जवळजवळ सगळी तारेत आहे. ब्रिटनच्या पी2 या पुरवठा-सुरक्षेच्या मानकातही 1 मेगावॅटपर्यंत मागणी असलेल्या ग्राहकगटाला राखीव मार्गाची सक्ती नाही. दुरुस्ती होईल तेव्हा पुरवठा, एवढीच अपेक्षा.

आधी न्यूट्रलचे सांधे तपासा. सैल न्यूट्रलचे खापर सौर संचावर हमखास फुटते. मग भर दुपारी डीपीवर टंग टेस्टरने (तारेभोवती धरायच्या प्रवाहमापकाने) तिन्ही फेजचे प्रवाह मोजा आणि संच फेजवार वाटा. वरचाच 5 किलोवॅटचा संच थ्री फेज केला तर चढ 12 वरून 2 व्होल्टवर येते. रोहित्राला टॅप (व्होल्टेज पायरीपायरीने बदलण्याची सोय) असेल तर अडीच टक्क्यांच्या एका पायरीने साधारण 6 व्होल्ट उतरतात, पण तो वीज बंद करूनच फिरवावा लागतो. रोज दुपारी एक आणि रात्री दुसरा, असे जमत नाही. आणि रात्री गाड्यांचे चार्जिंग व एसी एकदम लागले की त्याच टोकाला व्होल्टेज खाली बसते. एवढ्यानेही भागले नाही, तरच जाड तार.

म्हणून माझी मागणी डीपीनिहाय व्होल्टेजच्या नोंदीची आहे. युरोपातील ईएन 50160 या मानकात व्होल्टेजच्या आठवड्यातल्या 10 मिनिटांच्या सरासऱ्यांपैकी 95 टक्के ठरलेल्या व्होल्टेजच्या ±10 टक्क्यांत असाव्या लागतात. स्मार्ट मीटर बसलेल्या डीपीवर अशी मोजणी सायडीच्या शेजारच्या रकान्यात सहज मांडता येईल.