बाटली लावा ना डॉक्टर!

काल संध्याकाळी नाशिकच्या सिडकोतल्या माझ्या दवाखान्यात एक मावशी आल्या. सोबत मुलगा, सून आणि शेजारचा एक दादा. दादा सगळ्यांच्या वतीने बोलणारा. मावशींना कालपासून कणकण, अंग मोडून आलेलं. तपासलं. बीपी व्यवस्थित, जीभ ओली, लघवी होतेय, दुपारी वरणभात खाल्लेला. पॅरासिटामॉल लिहिली, भरपूर पाणी प्यायला सांगितलं, उद्यापर्यंत ताप उतरला नाही तर रक्त तपासू म्हटलं. दादाने चिठ्ठी उलटून मागची बाजू पाहिली.

"बस्स? बाटली नाही लावणार?"

नाही लावणार! काय असतं हो त्या बाटलीत? ५०० मिलिलिटर डीएनएस, म्हणजे ग्लुकोजचं सलाईन, त्यात २५ ग्रॅम ग्लुकोज, साडेचार ग्रॅम मीठ आणि उरलेलं पाणी. रसवंतीवर एक ग्लास उसाचा रस प्यायलात तर याहून जास्त साखर पोटात जाते, आणि वर आलं-लिंबू फुकट. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजून माणसं वाचवली. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. कॉलरा तोंडाने आटोक्यात येतो, आणि आमच्या मावशींची कणकण शिरेतूनच उतरायला हवी!

"मग नुसतं बघायचे तीनशे?"

हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा ऐकतो. सुई टोचली की पैसे वसूल. डोकं चालवून "गरज नाही" म्हटलं की डॉक्टर लुटारू. दोन गल्ल्या सोडून एक जण बसतो, तो कुणालाच नाही म्हणत नाही. त्याच्याकडे मल्टिव्हिटॅमिन घातलेली पिवळी बाटली आहे. पांढरीपेक्षा पिवळी भारी, असं लोकांनीच ठरवलंय, आणि पैसेही जास्त मोजतात. त्याच्या दारात चपला मावत नाहीत. मी इकडे पाण्याचं महत्त्व सांगत बसलेला येडा.

बाटलीपर्यंत थांबलं असतं तरी एक वेळ गिळलं असतं. पण सोबत डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन जातं ना, तिथे माझं डोकं फिरतं. अहो, पाऊसकाळ आहे. कुंभाच्या कामांसाठी रस्ते उकरलेत, जिथे तिथे डबकी, घरोघरी पाण्याचे ड्रम. साधा ताप कोणता आणि डेंग्यू कोणता हे पहिल्या दिवशी कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. डेंग्यूत डायक्लो, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन द्यायचं नसतं, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पण पेशंटला दोन तासांत घाम फुटून ताप उतरतो, आणि तो डॉक्टर देवमाणूस ठरतो.

त्यातून पेशंट सुटला तर मेडिकलवाला आहेच. चिठ्ठी लागत नाही, "दोन दिवसांची सेफिक्झिम द्या" म्हटलं की कात्रीने पट्टी कापून हातात. ते अँटिबायोटिक शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे. १ मार्च २०१४ पासून नियम आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, डॉक्टरचं नि पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं, ते तीन वर्षं जपायचं. पट्टीवर लाल रेघही असते. ती रेघ बहुतेक कात्री कुठे चालवायची ते दाखवायला छापत असावेत. विषाणूच्या तापाला अँटिबायोटिक, तेही चार गोळ्या. पुढे खरोखरचा टायफॉइड आला की औषध का लागू पडत नाही, हे विचारायला परत आमच्याकडेच!

आणि मग पेशी. "डॉक्टर, पांढऱ्या पेशी कमी झाल्यात!" पांढऱ्या नाहीत हो, प्लेटलेट. साठ हजार दिसल्या की अख्खं खानदान रक्तपेढीकडे धावायच्या तयारीत. रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट चढवायची गरज नसते. मी बघतोय हिमॅटोक्रिट (म्हणजे रक्त किती घट्ट झालंय), नाडी, लघवी, पोटात दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का. कारण डेंग्यूत खरा धोका बऱ्याचदा ताप उतरल्यानंतर सुरू होतो. तेव्हा मात्र खरंच सलाईन लागतं, मोजून, तासातासाला बघून. पण नेमके तेव्हाच लोक "ताप गेला ना आता" म्हणून डिस्चार्ज मागतात आणि घरी जाऊन प्लेटलेट वाढवायला म्हणून पपईच्या पानांचा रस काढत बसतात, किवी खातात. किवीचा भाव काय झालाय, विचारून या एकदा बाजारात.

दादाशी वाद वाढत चालला तसा त्याचा आवाजही चढला. माझ्या भिंतीवर डॉक्टरांवरच्या हल्ल्याविरुद्धच्या २०१० च्या राज्याच्या कायद्याची पाटी आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. दादा त्याच पाटीला पाठ टेकून मला "बघून घेईन" म्हणत होता. मावशी बिचाऱ्या गप्प. मी पैसे घेतले नाहीत, जा म्हटलं.

आज सकाळी साडेसहाला फोन. मावशींचा मुलगा.

"डॉक्टर, काल तिकडे बाटली लावली. ताप पुन्हा आलाय, आणि जिथे सुई होती तिथे हात टम्म सुजलाय. काय करू? फोनवरच सांगता का, उगाच यायला नको."