पेठ हार्बरो

परवा शाळेच्या ग्रुपवर फोटो टाकले तर पहिलाच मेसेज आला, "मास्तर, इंग्लंडला गेलाय का पाचगणीला? लंडन आयचा एक तरी फोटो टाका की." मी पोस्टात चौतीस वर्षं काढली म्हणून सगळे मास्तर म्हणतात, शिकवलं कुणालाच नाही. तर त्या सगळ्यांना एकदाच सविस्तर उत्तर देतो, चहा घेऊन बसा, लांबलंय.

लेक-जावई लेस्टरला असतात (स्पेलिंगवर जाऊ नका, मी पण दोन वर्षं लायसेस्टर म्हणत होतो). लंडन झालंय आमचं, पहिल्या खेपेलाच झालं, तीन दिवसांत सगळं, पाय सुजले आणि डोक्यात काय राहिलं तर टॉयलेटच्या रांगा. म्हणून यावेळी लेकीला सांगितलं की आम्हाला कुठं नेऊ नको, आमचं आम्ही फिरतो. ती म्हणाली बाबा मग मंगळवारी मार्केट हार्बरोला जा, छोटं आहे, हरवणार नाही तुम्ही. तेवढ्यावर आम्ही दोघं निघालो, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन.

लेस्टर स्टेशनच्या बाहेर थॉमस कुकचा पुतळा आहे, हातात खिशातलं घड्याळ, शेजारी बॅग आणि मिटलेली छत्री. आपल्याकडं थॉमस कुक म्हणजे परदेशी जायच्या आधी पौंड-डॉलर घ्यायचं ऑफिस एवढंच माहीत. (तिकडची मूळ कंपनी 2019 च्या सप्टेंबरात बुडाली, आपल्याकडची वेगळी, ती चालू आहे.) पण हा माणूस होता कोण, तर कातारी. लाकूडकाम करणारा, दारूबंदीचा कट्टर प्रचारक, आणि राहायला कुठं तर मार्केट हार्बरोला. 1841 च्या जूनमध्ये दारूबंदीच्या सभेसाठी हा हार्बरोहून लेस्टरला चालत निघाला, 15 मैल म्हणजे आपले 24 किलोमीटर, आणि वाटेत त्याच्या डोक्यात आलं की पुढच्या सभेला सगळ्यांना मिळून रेल्वेनं नेलं तर? 5 जुलै 1841 ला लेस्टर ते लफबरो अशी पाचशेच्या आसपास माणसं त्यानं एक-एक शिलिंगात नेली. तिथून ही सगळी टूरची भानगड सुरू झाली, छत्री वर धरून पुढं चालणारा गाईड आणि मागं पळणारे आपण. गंमत म्हणजे ज्या गावात तो माणूस राहत होता ते गाव आपल्या एकाही टूरवाल्याच्या यादीत सापडणार नाही, मी ब्रोशर चाळून बघितलीत.

लंडनच्याच गाडीत बसायचं आणि पंधरा-वीस मिनिटांत उतरायचं. बायको म्हणाली बसले तोच उठा.

आता नावाचं सांगतो. आमच्या भागात बाजाराच्या गावाला जुनी माणसं नुसतं पेठ म्हणायची, "पेठंला जाऊन येतो" एवढंच. पेठ वडगाव आहे ना, तसंच हे मार्केट हार्बरो, म्हणजे आपल्या भाषेत पेठ हार्बरो. हार्बरोचा मूळ अर्थ जुन्या इंग्रजीत ओटची टेकडी असा सांगतात, आपल्याकडं कसं एखाद्या शिवाराला जोंधळ्याचा माळ म्हणतील तसं. आणि इथला मंगळवारचा बाजार 1221 पासून आहे. परत वाचा, बाराशे एकवीस. आपल्याकडं तेव्हा देवगिरीला सिंघण यादव गादीवर होता. तेव्हापासून बाजाराचा वार बदललेला नाही. आमच्याकडं आठवड्याच्या बाजाराचा वार बदलायचा म्हटलं तर दंगल होईल, तर ही भावना मला लगेच कळली.

गावात शिरलं की मेन रस्ता एकदम रुंद होतो. एवढ्याशा गावाला एवढा रुंद रस्ता कशाला हे पहिल्यांदा कळत नाही, मग लक्षात येतं की बाजार रस्त्यातच भरायचा, मधोमध पालं आणि दोन्ही अंगानं दुकानं. बाजार आता तिथं नाही, बाजूच्या एका हॉलमध्ये गेलाय. रस्त्यात गाड्या लावलेल्या असतात.

त्या हॉलचं खरं सांगू? गेल्या गेल्या निराशा झाली. मंगळवार सकाळचे अकरा आणि आवाजच नाही हो! बाजार म्हटलं की दोन गल्ल्या आधीपासून गलका ऐकू यायला पाहिजे, पाच रुपये पाच रुपये, कोथमीर घ्या ताई. इथं सगळे हळू आवाजात बोलतायत, जास्त करून आमच्याच वयाचे, हातात कापडी पिशव्या. एक चीजवाला, एक रोपं विकणारा, एकीकडं लोकर-सुया-बटणं, एका टेबलवर जुनी हत्यारं, रंधे, पटाशी, करवती. रंध्याची मूठ घासून गुळगुळीत झालेली, कुणीतरी आयुष्यभर वापरलेला असणार. मी तिथंच बराच वेळ घुटमळलो. थॉमस कुकच्या हातातला नसेल म्हणा, पण मनात आलंच.

बायको चीजवाल्याकडं. रेड लेस्टर म्हणून चीज असतं, नाव रेड आणि रंग पक्का केशरी, आंबा बर्फीसारखा. बाईसाहेबांनी भाव विचारला आणि सवयीनं म्हणाल्या, टू पीस टेक, लेस करो. मी इकडं तिकडं बघायला लागलो. तो म्हातारा हसला, एक तुकडा चाखायला दिला आणि म्हणाला, "देअर यू गो, मी डक." ही बाहेर येऊन मला विचारते, अहो, तो मला बदक का म्हणाला? लेकीनं नंतर सांगितलं की या भागात प्रेमानं सगळ्यांनाच डक म्हणतात, आपण कसं बाई-माणसाला माये म्हणतो तसं. भाव मात्र एक पेनी कमी केला नाही बदकानं.

मग म्युझियम. आधी कॉर्सेटचा, म्हणजे बायका कंबर आवळायला आतून घालायच्या त्या ताठ कपड्याचा कारखाना होता, 1889 ची तीन-चार मजली लालभडक विटांची इमारत, आणि पत्ता काय तर ॲडम अँड ईव्ह स्ट्रीट! आता तिथं काउन्सिलची ऑफिसं, लायब्ररी आणि म्युझियम आहे. सिमिंग्टन नावाच्या घराण्याचा हा धंदा, आख्ख्या गावच्या बायका इथं शिवणकामाला होत्या. आधी बायकांना आवळणारे कॉर्सेट, मग 1908 पासून लिबर्टी बॉडीस म्हणून पोरींसाठी मऊ कापडाचं, आत ताठ पट्ट्या-बिट्ट्या (त्यांना हाडं म्हणायचे) नसलेलं, आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच मशिनींवर पॅराशूट. बायको एका कॉर्सेटसमोर उभी राहून म्हणाली, ह्यात जेवायच्या कशा ह्या बायका? मी म्हटलं म्हणूनच आधी दशम्या खाऊया.

चर्चबद्दल थोडक्यात. सेंट डायोनिशियस, उंच टोकदार दगडी शिखर, दीडशे फुटांच्या वर, गावात कुठूनही दिसतं. पण त्याला कब्रस्तानच नाही, रस्त्यावरून सरळ पायरी आणि आत. इंग्लंडातलं जुनं चर्च आणि भोवती थडगी नाहीत हे चुकल्यासारखं वाटतं. कारण असं की हे धाकटं देऊळ, मूळ पॅरिशचं चर्च गावाबाहेर होतं, आजच्या स्टेशनजवळ, मेलेली माणसं तिकडं न्यायची. पेठ आधी बाजारासाठी वसवली, देवाची सोय नंतर बघितली. 14 जून 1645 ला इथून जवळच नेस्बीची लढाई झाली, पार्लमेंटच्या सैन्यानं चार्ल्स राजाचा पराभव केला आणि पकडलेले सैनिक ह्याच चर्चमध्ये कोंडले. जिंकल्याचं पत्र पार्लमेंटच्या बाजूचा सेनानी क्रॉमवेल, त्यानं त्याच दिवशी हार्बरोहून पार्लमेंटला पाठवलं. त्याच साली आपल्याकडं रायरेश्वराची शपथ सांगतात. जगात एकाच वेळी काय काय चालू असतं.

पण मला जे सांगायचंय ते पुढंच आहे, चर्चच्या अंगाला लागून.

तिथं एक शाळा आहे जी जमिनीवर नाही. जाडजूड लाकडी खांब, आणि त्या खांबांवर वर एकच खोली, पांढरा गिलावा, काळपट तुळया, बाहेरच्या लाकडावर बायबलातली वचनं कोरलेली. लहान पोरानं काड्यापेटीला पाय लावावेत तशी दिसते. 1614 ची इमारत. ह्याच गावचा रॉबर्ट स्मिथ नावाचा माणूस लंडनला जाऊन तिथल्या मेयरच्या कारभारात मोठ्या हुद्द्यावर पोचला आणि त्यानं गावच्या पोरांसाठी ही शाळा काढली. आता शाळा खांबांवर कशाला? तर शाळेखाली बाजारची माणसं बसावीत, पावसापाण्यात कोरडी राहावीत म्हणून. असं ठरवून, मुद्दाम. वर पोरं लॅटिन घोकतायत आणि खाली बायका लोणी विकतायत, खालच्या जागेला लोण्याचा बाजारच म्हणायचे. पुढं विल्यम हेन्री ब्रॅग ह्याच शाळेत शिकला, आई गेल्यावर काकाकडं आलेलं पोर, त्याला आणि त्याच्या मुलाला मिळून 1915 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. म्हणजे बाजारच्या गलक्यानं शिक्षणाचं काही वाटोळं होत नाही.

लोणी वाचलं आणि मी तिथंच बसलो, खांबाच्या कडेला.

माझी आज्जी बाजारात लोणी विकायची. पितळीत पाणी, पाण्यात लोण्याचे गोळे, वर ओलं फडकं. पाच किलोमीटर चालत यायची, डोक्यावर पाटी. पावसाळ्यात पोत्याची खोळ. आमची शाळा बाजाराला लागूनच, मी सातवीत, 1975-76 साल असेल. एका बाजारच्या दिवशी असला पाऊस आला की पालं उडाली, सगळ्या बायका पाट्या घेऊन शाळेच्या व्हरांड्यात शिरल्या, त्यात आज्जी. हेडगुरुजी बाहेर आले आणि शिपायाला म्हणाले, हे काय धर्मशाळा आहे का, काढा सगळ्यांना बाहेर, पोरांचं लक्ष जातंय. शिपायानं काढलं. आज्जीनं जाता जाता खिडकीतून आत बघितलं, मला शोधत असणार. मी पुस्तकात तोंड घातलं. शेजारचा पोरगा म्हणाला, ती तुझी आज्जी ना रे? मी म्हटलं, नाही.

तिनं घरी येऊन त्यावर एक शब्द काढला नाही. लोण्यात पावसाचं पाणी गेलं होतं, तिनं तूप कढवलं.

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, लग्नाला पस्तीस वर्षं झाली. त्या खांबाखाली बसून सांगितलं. ती काय बोलली नाही, दशमी काढून हातात दिली.

हेडगुरुजी वाईट नव्हते, गणित असं शिकवायचे की आजही विसरलो नाही. पण त्यांच्या डोक्यात, आणि मग आमच्याही डोक्यात, शाळा वेगळी आणि बाजार वेगळा, शिकायचं ते बाजारापासून सुटायला. तिकडं चारशे वर्षांपूर्वी एका माणसानं दोन्ही एकाच छपराखाली आणले. इंग्रज फार भले होते असलं काही मला म्हणायचं नाही, तेवढा इतिहास मलाही माहीत आहे, आपल्याकडं येऊन काय केलं ते. आणि आज त्या खांबांखाली लोणीवाली कुणी नाही, बाजार हॉलमध्ये, तिथंही सामसूम, गावाची खरी गर्दी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये. आपला बाजार आजही शंभरपट जिवंत आहे. फक्त पाऊस आला की बायका आजही प्लास्टिकचा कागद डोक्यावर धरून बसतात, गेल्या जुलैत मी स्वतः बघितलंय, आणि बाजूला चांगल्या बांधलेल्या इमारती कुलूप लावून उभ्या असतात.

तर ज्यांना इंग्लंड बघायचंय त्यांनी लंडन जरूर बघा, पण एक दिवस काढून असल्या एखाद्या पेठंला जा, बाजाराचा वार बघून जा. फोटो काढण्यासारखं फार काही नाही हे आधीच सांगतो. जवळच फॉक्सटन लॉक्स म्हणून आहे, डोंगर चढल्यासारख्या कालव्याच्या दहा पायऱ्या, बोटी त्यातून वर चढवतात, 1814 चं काम. आम्हाला बघायचं होतं पण राहिलं, कारण दुपारी पाऊस आला.

चांगला धो धो आला, त्यांचा नेहमीचा भुरभुरीत नाही. रस्ता दोन मिनिटांत मोकळा. आम्ही त्या शाळेखालीच थांबलो, आमच्याबरोबर बाबागाडीवाली एक पोरगी, एक माणूस आणि त्याचं भिजलेलं कुत्रं. कुत्र्याला दशमीचा तुकडा आवडला, चटणी नाही. अर्धा तास असेच उभे होतो सगळे, वरून पागोळ्या गळतायत, कुणी कुणाशी बोलत नाही. तेवढ्यात लेकीचा फोन, बाबा इकडं जोरात पाऊस लागलाय, तुम्ही भिजलात का, कुठं आहात?

म्हटलं, शाळेत आहे. आज्जीच्या शेजारी.

तिला काय कळलं नाही. म्हणाली, रेंज जातेय बाबा तुमची, साडेचारची गाडी पकडा.