डिंकाच्या लाडवात आलं

लेकीच्या बाळंतपणासाठी म्युनिकला गेले तेव्हा डिंक, खारीक, सुंठ, अळीव सगळं आठवणीने बॅगेत भरलं आणि रेसिपीची वही तेवढी पुण्यात फ्रिजवर राहिली. डिंकाचे लाडू काय पहिल्यांदा करत नव्हते, पण गूळ किती घ्यायचा ते दर वेळी वहीत बघायची सवय, त्यामुळे डोक्यात काही नाही. म्हटलं नेटवर बघू, त्यात काय एवढं.

जावयांचा जुना टॅब ओट्यावर उभा केला, एक मराठी रेसिपीची साइट उघडली, डिंक तुपात फुलवून काढला, गूळ कढईत टाकला आणि पुढचं वाचायला वळले तर रेसिपीवर पांढरा पडदा. सगळं जर्मनमध्ये. खाली एक मोठं निळं बटण, त्यावर अक्षरं जुळवून वाचलं तर "आले अक्झेप्टिअरन". आता डिंकाच्या लाडवात आलं कशाला? सुंठ असते की!

"आई, आले म्हणजे सगळे," लेक आतून ओरडली. "सगळ्यांना हो म्हण असं सांगतंय ते."

"सगळे म्हणजे कोण?"

"त्यांचे पार्टनर. तू काय शोधतेस, काय वाचतेस ते बघणारे."

खाली आकडा होता, 812. बारशाला चाळीस माणसं बोलवायची तर घरात आठ दिवस खल चाललाय आणि इथे माझ्या लाडवामागे 812 जण! मीही हट्टाला पेटले. निळ्या बटणाला हात लावायचा नाही. शेजारी फिक्या राखाडी अक्षरात सेटिंग असं काहीतरी होतं, तिथे घुसले. हात तुपाचे, त्यामुळे करंगळीने एकेक बटण बंद करत सुटले. त्याखाली आणखी एक रांग निघाली, लेकीने सांगितलं की हे "वैध हितसंबंध", याला परवानगी लागत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि ती बटणं आधीपासूनच चालू. म्हणजे सातबाऱ्यावर नाव नाही पण वाटणीच्या दिवशी पंगतीला हजर, असे लांबचे चुलते असतात ना, अगदी तसं.

तोवर मागे गुळाचा पाक झाला होता. लाडवाला पाक लागतच नाही, गूळ नुसता विरघळला की गॅस बंद करायचा असतो, हे मला पडदा हटल्यावर पहिल्याच ओळीत वाचायला मिळालं.

संध्याकाळी जावयांनी एक लाडू तोंडात टाकला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत, बोलणार कसे. दाढेने हार मानल्यावर चहात बुडवून ठेवला आणि मग मला कायदा समजावला. वेबसाइटने तुमच्या फोनात कुकी, म्हणजे तुम्हाला ओळखायची खूणचिठ्ठी, ठेवायच्या आधी विचारायचं हा युरोपचा नियम 2009 सालचा, आणि 25 मे 2018 पासून तो मोठा जीडीपीआर, म्हणजे माणसांची खाजगी माहिती जपायचा युरोपचा कायदा, लागू झाला, त्यात दंड थेट 2 कोटी युरोपर्यंत किंवा जगभरच्या उलाढालीच्या 4 टक्के, यातलं जे जास्त असेल ते. म्हटलं पण ही साइट तर आपली, मराठी, तिला कशाला युरोपचा धाक? तर म्हणे आई, साइट कुठली ते सोडा, तुम्ही कुठे बसलाय ते बघतात. पासपोर्टही बघत नाहीत. युरोपात बसलेल्या माणसावर नजर ठेवायची तर त्याला विचारा, मग तो तीन महिन्यांच्या व्हिसावर का आलेला असेना.

मला तर फारच बरं वाटलं. चाळीस वर्षांच्या संसारात इतक्यांदा "तुमची परवानगी आहे का" कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे मौनं संमतिलक्षणम्, आमच्या लग्नात तर तेवढ्यावरच काम भागलं होतं. आणि तिकडे 2019 साली युरोपच्या कोर्टाने सांगून टाकलं की आधीच टिक करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, माणसाने स्वतः हो म्हणायला हवं. हो म्हणायला एक क्लिक आणि नाही म्हणायला बरेच, या चलाखीबद्दल फ्रान्सने 2022 च्या जानेवारीत गूगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरोचा दंड जाहीर केला. माझ्या गुळाचं कुणी काही बोललं नाही.

पण या मानाचा त्रासही आहे हां. भाच्याने अमेरिकेतून त्यांच्या गावच्या पेपरची लिंक पाठवली, गणपतीत ढोल वाजवताना त्याचा फोटो छापून आला होता. उघडली तर पानावर नुसतं 451, म्हणजे कायद्यामुळे पान दाखवता येत नाही याचा आकडा, आणि खाली, तुम्ही युरोपातून बघताय म्हणून दाखवू शकत नाही. कायदा पाळत बसण्यापेक्षा दारच लावून घेतलं त्यांनी. चार पाहुण्यांचं करायचं जिवावर येतं म्हणून गावाला गेलोय असं सांगणारे लोक असतात, त्यातला प्रकार.

आपल्याकडेही असा कायदा आलाय म्हणे, 2023 चा, नियम 2025 च्या नोव्हेंबरात आले आणि मुख्य गोष्टींना 18 महिन्यांची मुदत. दंड 250 कोटी रुपयांपर्यंत. मला त्यातलं एवढंच आवडलं की सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या 22 भाषांपैकी हवी त्या भाषेत मागता येणार, म्हणजे मराठीतही. निदान आल्याचा घोटाळा व्हायचा नाही.

परवा पुण्याला परत आले. वही फ्रिजवर होती तिथेच होती, तरी मुद्दाम फोनवर तीच साइट उघडली. पडदा नाही, निळं बटण नाही, 812 जणांची यादी नाही, रेसिपी एकदम समोर. कुणी एका शब्दाने विचारलं नाही. वर एक जाहिरात, खाली एक जाहिरात, दोन्ही दाताच्या डॉक्टरांच्या.

यांना माझ्या लाडवांचं कुणी सांगितलं?