ड्रोनची नजर आणि रस्त्यावरची नजर

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटात सध्या स्वामित्व योजनेवाचून दुसरा विषय नाही. ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली, मिळकत पत्रिका हाती आल्या आणि कुणाच्या अंगणाची हद्द कुणाच्या गोठ्यात शिरली यावरून वाद पेटले. घरावर कर्ज काढायचे तर कागद लागतो, तेव्हा योजना हवीच. मात्र नकाशा झाला म्हणजे गावाची नोंद झाली, हा सूर इथे नेदरलँड्समधल्या हार्लेम शहरात राहून मला पटेनासा झाला आहे. त्याला कारण काही जुनी चित्रे.

आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पचा प्रकाशक हिरोनिमस कॉक याने 1559 आणि 1561 मध्ये भोवतालच्या खेड्यांची मिळून 44 चित्रे छापली. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यात सुईने रेषा ओढायच्या आणि त्या आम्लाने खोल करायच्या, ही एचिंगची रीत. पत्रे व्हान डूटेकम बंधूंनी कोरले. मूळ चित्रकार कोण, हे आजही अज्ञात आहे. त्याआधीचे फ्लेमिश, म्हणजे त्याच मुलखातले, चित्रकार उंचावरून डोंगर, नद्या, शहरे असे सारे जगच एका चित्रात मांडत, तर हा अनामिक खाली उतरून गावच्या रस्त्यावर उभा राहिला. त्यामुळे त्याच्या चित्रांत शाकारलेली छपरे, कुंपणे आणि चाकोऱ्यांचा रस्ता जवळून दिसतो. माणसे मोजकी, लहानशी आणि आपल्याच कामात.

पुढे स्पेनविरुद्धच्या युद्धाने तो मुलूख उजाड झाला. 1585 मध्ये अँटवर्प स्पेनच्या हाती पडल्यावर हजारो लोक उत्तरेकडे, आजच्या नेदरलँड्समध्ये आले. हार्लेमच्या परिसराची एचिंग करणाऱ्या एसायास व्हान दे वेल्देचे वडील त्यांच्यापैकीच. 1612 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या क्लास यान्स व्हिशरने कॉकच्या चित्रांतली बरीचशी नव्याने कोरून विकली आणि वर ब्रूगेल या नामवंत चित्रकाराचे नाव ठोकून दिले. धंदा तेव्हाही धंदाच होता. शहरी गिऱ्हाइकांसाठी काढलेल्या या चित्रांत शेतसारा, कर्ज, उपासमार शोधून सापडत नाही, हा त्यांचा मोठा दोष मी मानतो.

आपल्याकडे फोटो पुष्कळ आहेत, पण ते लग्नाचे आणि जत्रेचे. मोजणीबरोबरच कलाशाळांच्या विद्यार्थ्यांकडून प्रत्येक गावच्या दोन-चार गल्ल्या रस्त्यावर उभे राहून रेखाटून घ्याव्यात आणि मिळकत पत्रिकांशेजारी पंचायतीच्या दप्तरात ठेवाव्यात. त्यांत पाटलाच्या वाड्याइतकीच गावकुसाबाहेरची वस्ती असावी, आणि कुलूप लागलेली घरेही वगळू नयेत.