मी घरातच होते!

"ग्राहक घरी उपलब्ध नसल्याने आजची भेट रद्द करण्यात आली आहे."

नव्या घरात इंटरनेट जोडायला माणूस पाठवणार होतात, आणि आला तो तुमच्या कंपनीचा हा मेसेज. घरी नव्हते? मी? सकाळी ९ पासून दारापासून चार हातांवर बसून आहे मी! १० ते २ ची वेळ तुम्हीच दिलीत. त्यासाठी सुट्टी टाकली. बेल ऐकू यावी म्हणून पंखासुद्धा बंद ठेवला. जिन्यात पाऊल वाजलं की उठून बघत होते. कुणी आलं नाही, बेल वाजली नाही, फोन नाही. आणि २ वाजून ५ मिनिटांनी हा मेसेज! कुणीतरी जिनाही न चढता मोबाइलवर 'ग्राहक घरी नाही' यावर बोट ठेवलं आणि माझी तक्रार बंद करून टाकली. उशीर झाला म्हणा, माणूस नाही म्हणा, समजून घेईन. पण आला नाहीत तुम्ही आणि गैरहजेरी माझी? हा खोटेपणा मला सहन होत नाही.

इंटरनेटशिवाय आज ११ वा दिवस. पहिल्यांदा आलेला मुलगा चांगला होता. वायर भिंतीच्या कडेने नीट ओढली, इंटरनेटचा डबा लावला. पण डब्यावरचा एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, दिवा लाल. म्हणजे फायबरमधून प्रकाशच पोचत नाही. फायबर म्हणजे केसाएवढी काच, तांब्याच्या तारेसारखा पीळ देऊन भागत नाही, सहसा स्प्लायसिंग मशीनने वितळवून सांधावी लागते. ते मशीन त्याला दिलेलंच नव्हतं! जोडणी करायला माणूस पाठवता आणि जोडायचं यंत्र देत नाही? दुसरा म्हणाला, खालच्या स्प्लिटरमध्ये, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या डब्यात, पोर्ट (वायर खोचायची जागा) रिकामा नाही. कसा असेल? आधीचे भाडेकरू गेले, त्यांचं कनेक्शन बंद झालं, वायर मात्र अजून तिथेच खोचलेली. ती काढायला वेगळी तक्रार, वेगळा विभाग, आणखी ४८ तास.

तक्रार करायची तर ओटीपी लागतो. या जाड काँक्रीटच्या भिंतींत मोबाइलला रेंज नाही. फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत थोडी येते. ओटीपी तिथे पोचेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. मोबाइल कंपनीला सांगितलं तर म्हणे वाय-फाय कॉलिंग सुरू करा. अहो, वाय-फायच तर नाहीये!

आणि ते 'आपली नोंद घेतली आहे' हे वाक्य. डोक्यात जातं माझ्या. नोंद घेऊन काय करता तुम्ही?

काल कॉल सेंटरच्या मुलीवर ओरडले. तिची काही चूक नव्हती, समोरच्या स्क्रीनवर दिसतं तेच ती वाचत होती. रात्रभर त्याचं वाईट वाटत राहिलं. ११ दिवसांत आईशी धड बोलणं झालेलं नाही. खिडकीत उभं राहून 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' एवढंच. नवं घर कसं आहे हे तिला व्हिडिओवर दाखवायचं होतं. अजून एकही खोली दाखवता आलेली नाही.

नवा तक्रार क्रमांक मिळालाय. उद्या पुन्हा १० ते २. दार सताड उघडं ठेवून उंबऱ्यातच खुर्ची टाकून बसणार आहे. लिहून दाखवा आता, मी घरी नव्हते म्हणून!